वाकडी मान

खोकं उघडलं आणि मास्तरांच्या आधी ते तिलाच दिसलं. गिटारच्या बारा माना कागदाच्या कातरणात शिस्तीत निजल्या होत्या आणि प्रत्येकीला एकाच बाजूला, जाड तारेच्या अंगाला, पोट सुटलं होतं.

मास्तर म्हणजे तिचा नवरा. बेस गिटार बनवायचे. मोजक्याच, पण वाजवणारे वाट बघत थांबायचे. मान ते हातानं घडवायचे, शेवटचं घासकाम आणि पॉलिश तिचं. मास्तरांच्या मनगटानं संप पुकारला तेव्हा माना बाहेरून करून घ्यायचं तिनंच त्यांच्या गळी उतरवलं. काम गेलं तिच्या धाकट्या भावाच्या मशीनवर. "मेहुणा आणि मशीन, दोघांवर एकदम विश्वास ठेवायचा म्हणजे कमाल आहे," असं म्हणत का होईना, मास्तरांनी दिलं.

खरी गोष्ट तिला एकटीला ठाऊक होती. मनगट दुखायला लागल्यापासून मास्तरांचा हात जाड तारेच्या बाजूला पुरता वळतच नसे. लाकूड तिथं जाड राहायचं. स्वतःच्या हातचं तपासायचं नाही, हा त्यांचा खाक्या. मग ती त्यांच्याकडे पाठ करून कानशीनं तेवढं पोट उतरवायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पॉलिश लावायची. गिऱ्हाईक मानेवरून बोटं फिरवून म्हणायचं, "मास्तर, हा हात मशीनला यायचा नाही." मास्तर मिशीत हसायचे आणि ती पॉलिशच्या डब्यांची झाकणं लावायची.

मशीन ज्याची हुबेहूब नक्कल करणार तो नमुनाही तिच्या हाताखालून जायला हवा होता. पण ती मुलीकडे गेली, तेवढ्यात मास्तरांनी टेबलावरची ताजी मान उचलून परस्पर पाठवून दिली.

"बघ तुझ्या भावाचे प्रताप!" खोक्यातली एक मान चाचपत मास्तरांनी फोन लावला.

"दाजी, नमुन्यात होतं तेच उतरलंय," भाऊ म्हणाला. "केसाचाही फरक नाही."

"म्हणजे माझा नमुना वाकडा? आता तू मला शिकव! माल परत ने आणि पुढचं काम विसर."

"बरं दाजी," भाऊ पडेल आवाजात म्हणाला.

मास्तरांनी रंधा काढला. "मीच करतो. मला कुणाची गरज नाही." रंधा धरताच मनगटात कळ गेली, ती त्यांच्या तोंडावर दिसली.

तिला पुढचं सगळं दिसलं. हा हात पुन्हा सुजणार, ती पुन्हा पाठ करून घासत बसणार आणि भाऊ फुकट बोलणी खाणार. तिला राग नाही आला, नुसता कंटाळा आला. इतकी वर्षं एक खोटं घासूनपुसून चकचकीत ठेवायचं म्हणजे काय थोडं काम झालं?

"अहो, चूक मशीनची नाही," ती म्हणाली.

कोपऱ्यात मास्तरांच्या हातची एक मान होती, अजून तिच्याकडे न आलेली. तिनं ती बारातल्या एकीशेजारी ठेवली. "डोळे मिटून हात फिरवा."

मास्तरांनी फिरवला. पुन्हा फिरवला. दोन्हींचं पोट सारखंच होतं.

"आणि विकल्या त्या?"

"त्यांचं मी उतरवत होते. पॉलिशच्या आधी."

"कधीपासून?"

"मनगट धरलं तेव्हापासून."

मास्तर स्टुलावर बसले. "म्हणजे सगळे ज्याचं कौतुक करायचे तो हात तुझा होता," ते म्हणाले. नाही म्हणावं असं तिला फार वाटलं, पण आता तिच्यात आणखी एका खोट्याचं त्राण नव्हतं.

त्यांनी पुन्हा फोन लावला. "माल राहू दे. चूक इकडचीच आहे. नवा नमुना पाठवतो."

"कोण करणार, दाजी?"

"तुझी ताई."

मग त्यांनी कानस उचलली आणि मुठीची बाजू तिच्याकडे करून पुढे धरली. तिनं ती घेतली आणि सवयीनं पाठ करून टेबलाशी वळली.

"इकडे तोंड करून कर," मास्तर म्हणाले. "मला बघायचंय."

ती वळली. पण ते समोर बसलेले असताना तिला धड घासताच येईना.