सरांचं कपाट

लोखंडी कपाटाचं दार चंपतरावांनी अंगातलं सगळं बळ लावून आपटलं. विद्यार्थी शालिकरामचा उजवा हात आतच होता. बोटं मोडल्याचा आवाज वाचनालयभर ऐकू गेला, तरी चंपतरावांनी वर दोन कानफटात ठेवून दिल्याच.

"चोरी करतं काय बे? सरायच्या कपाटात हात घालतं?"

शालिकराम खाली कोसळला. "कवाचा मांगून राहिलो जी! सर म्हणतात, उद्या ये. तिकडं कळमेश्वरले आमच्या संत्र्याच्या बागेतून डिंक ओघळून राहिला, झाडं वाळून राहिली. त्याचा इलाज त्या अंकात हाये."

विलायती संशोधनाचे अंक कृषी कॉलेजच्या खर्चानं येत आणि थेट विभागप्रमुखांच्या कपाटात जात. कॉलेजात झेरॉक्सचं यंत्र यायला अजून बराच अवकाश होता. त्याच अंकांच्या जोरावर सर भाषणं झोडत. दुसऱ्या कुणी ते वाचले असते तर पितळ उघडं पडलं असतं. आणि शिपाई चंपतराव धनावरच्या नागासारखे वर्षानुवर्षं राखण करत होते. कुणापासून, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

पोराला दवाखान्यात टाकून ते परतले, तर सर कपाटाला कुलूप घालत होते.

"शाब्बास चंपतराव! चोराचे हात असेच मोडायला हवेत."

शाबासकी ऐकून चंपतराव दाराशीच थांबले. "सर, पोरगं वाचालेच मांगत होतं. काहून नाही देल्लं?"

"तू राखण कर. अक्कल शिकवू नकोस."

दाराला अडसर म्हणून ठेवलेला दगड चंपतरावांनी उचलला आणि कुलपावर घातला. सरांनी गचांडी धरून तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. चंपतरावांनी त्यांना भिंतीवर ढकललं आणि कोयंडा निखळेपर्यंत दगड हाणत राहिले.

"उद्यापासून तोंड दाखवू नकोस!" सर किंचाळले.

"नाही दाखवत." चंपतरावांनी कपाटातून संत्र्याचं चित्र असलेला अंक उचलला आणि ते निघाले.

दवाखान्यात त्यांना पाहताच शालिकराम भिंतीकडे सरकला, प्लास्टरमधला हात छातीशी धरून. मार देणाऱ्या माणसाला ती भीती मारापेक्षा जास्त लागली. ते खाटेशी बसले आणि अंक त्याच्या डोळ्यांपुढे उघडून धरला.

"वाच गा."

शालिकराम वाचत गेला. तो मान हलवी, की ते पान उलटत. मग तो थांबला.

"काय म्हनते?"

"डिंक दिसला का लगेच साल खरडून मलम लावा म्हनते. झाड वाचते."

"अन् वाळाले लागलं असंन तं?"

"तोडून जाळा म्हनते."

चंपतरावांनी अंक मिटला नाही.

"पुढं असंन काही," ते म्हणाले आणि पान उलटलं.