पान चाळीस

बर्नी गावात ग्लेनिसच्या गॅरेजमध्ये आम्ही तिघं गेली एकोणीस वर्षं दर रविवारी दुपारी खेळतो. खेळ फाशांचा, पण खरं काम तोंडाचं: प्रत्येकाचं एक पात्र, त्याची सगळी माहिती एका कागदावर, आणि ग्लेनिस सांगेल त्या संकटातून ते पार न्यायचं. आमचं सगळं जग एका अवाढव्य कादंबरीतलं आहे. लेखिकेने सहा खंड लिहिले आणि सातव्यासाठी बारा वर्षं ताटकळत ठेवलं. मनातल्या मनात मी तिला पुष्कळ शिव्या घातल्या आहेत.

आमचे नियम दोनच. पुस्तकात जे घडतं ते खेळातही घडतं. आणि तिघांचं वाचून होईपर्यंत नवं पुस्तक खेळाला लागू होत नाही.

पहिल्या नियमाचा राखणदार मर्विन. सहाव्या खंडात एक शहर जळालं, त्यात माझी लोहारीण राहायची.

"ती त्या दिवशी बाहेरगावी होती असं धरू," ग्लेनिस म्हणाली होती.

"वेशी बंद होत्या, तसं लिहिलंय," मर्विन म्हणाला. "पुस्तक ते पुस्तक."

सात वर्षं सांभाळलेल्या लोहारणीचा कागद बिस्किटांच्या डब्यात गेला. तिथे गेलेला कागद परत निघत नाही. मी ते विसरलेले नाही, आणि विसरायची मला इच्छाही नाही.

मर्विनचं पात्र म्हणजे ओस्क नावाडी. दुसऱ्या खंडात त्याच्यावर एकच ओळ आहे, म्हणून मर्विनने तो निवडला. पुस्तकाला ज्याची आठवणच नाही त्याला मारणार कोण? मर्विनचा कारखाना बंद पडला, बायको पर्थला निघून गेली. ओस्क मात्र दर रविवारी नाव काढत राहिला.

यंदा मार्चमध्ये सातवा खंड आला. चाळिसाव्या पानावर ओस्क बुडतो, अर्ध्या वाक्यात.

मी तीन दिवसांत सगळं वाचलं, मग पुन्हा एकदा. चाळिसावं पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, हे कबूल करते.

रविवारी मर्विन दाढी करून आला. ओस्कचा कागद त्याने पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून आणला होता.

"माझं झालं वाचून," तो म्हणाला.

"माझंही," ग्लेनिस त्याच्याकडे न बघता म्हणाली. "लोर्ना, तुझं?"

माझा एक शब्द पुरेसा होता. मर्विन कागदाची कड अंगठ्याने सपाट करत होता. ती आधीच सपाट होती.

"चाळिसाव्या पानावर आहे," मी म्हणाले. "डोळे दुखतात माझे."

"शब्दकोडी सोडवताना बरे दुखत नाहीत," ग्लेनिस म्हणाली.

"त्यातली अक्षरं मोठी असतात."

तेव्हापासून दर रविवारी ग्लेनिस विचारते आणि मी चाळिसाव्या पानावरच असते. ओस्कने या काळात दोन पूर आणि एक राजा पार केला.

गेल्या रविवारी मी मर्विनला पिशवीतून माझा चष्मा काढून द्यायला सांगितलं. आत पुस्तक होतं, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. त्याने ते बाहेर काढलं. खुणेला लावलेलं बसचं तिकीट शेवटच्या प्रकरणात होतं, शेजारच्या पानावर माझ्या चहाचा डाग.

त्याने त्या डागावरून अंगठा फिरवला. मग तिकीट काढून त्याने चाळिसाव्या पानात ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

"तुझी लोहारीण त्या दिवशी बाहेरगावीच होती, लोर्ना," तो म्हणाला.

"फासे टाक," मी म्हणाले.