कॅमेरा चालू ठेवा

लॉकडाऊनमध्ये बिलोलीजवळच्या आमच्या शाळेचा नववीचा वर्ग मोबाइलवर भरायचा. माझा नियम एकच होता: ज्याचा कॅमेरा बंद, त्याची गैरहजेरी. पोरं कॅमेरा बंद करून झोपा काढतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. पुनमवर तर मी रोज खेकसायचो. "सर, कॅमेरा लावला की नेट लवकर संपतंय," असं ती म्हणायची. "बहाणे सांगू नको," असं मी म्हणायचो.

त्या दिवशी मी समीकरणं शिकवत होतो. मध्येच तिचा आवाज आला, "सर, आज माझा कॅमेरा चालू हाय. बघा ना सर."

मी बघितलं. ती गोठ्यात बसली होती. चेहरा, गळा, हात, सगळं हळदीनं पिवळं झालेलं. मागून बायकांची गाणी ऐकू येत होती. चौदा वर्षांची पोर. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. वर्गातली बाकीची पोरंही बघत होती.

लहान मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर मीच शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला होता. पण पुनमचे वडील शाळा समितीवर होते, आणि मला त्याच गावात नोकरी करायची होती.

"पुनम, कॅमेरा बंद कर," मी म्हणालो, "बाकीच्यांचं लक्ष जातंय."

तिनं लगेच बंद केला. ती पुन्हा कधी वर्गात दिसली नाही.

त्या दिवसाची हजेरी मात्र मी तिला दिली. कॅमेरा चालू होता ना.