बिनरंगाच्या शिड्या

“शिडीमास्तर, उद्या मोठे साहेब येणार. सगळ्या शिड्या पिवळ्याधमक झाल्या पाहिजेत.” सुपरवायझरने रंगाचा डबा टेबलावर आदळला.

“शिड्यांना रंग नको साहेब. तेल लावतो.”

“म्हणजे सांगितलेलं करणार नाही?”

“एवढं नाही करणार.”

“मग या खोलीत दुसरा माणूस बसवतो.”

सुपरवायझर गेला आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्यात बसून करायचं काम हे एवढंच. कमरेत सळई घातलेल्या माणसाला दुसरं काम कोण देणार?

नऊ वर्षांपूर्वी ते फिटर होते, आणि भारी हौशी. असेच साहेब येणार म्हणून त्यांनी आपली लाकडी शिडी स्वतः रंगवली, चांगले दोन हात दिले. सहाव्या पायरीची चीर रंगाखाली बुजली. आठवड्याने ती पायरी त्यांच्याच पायाखाली मोडली. शिडी मात्र शेवटपर्यंत झकास दिसत होती. तेव्हापासून ते शिड्यांच्या खोलीत बसतात, प्रत्येक पायरीवरून बोटं फिरवतात आणि मगच शिडी देतात. लोक वैतागतात. पण नऊ वर्षांत कुणी पडलेलं नाही, आणि याचा त्यांना अभिमान आहे, जरा जास्तच.

दुपारी त्यांनी डबा उघडलाच. दार रंगवलं, टेबल रंगवलं, स्टूल रंगवलं. मग हात थांबेना, तेव्हा स्वतःची काठीसुद्धा रंगवली. शिड्यांना तेवढं जवसाचं तेल चोळलं, आणि काठी वाळायला तिथेच ठेवून एका फिटरच्या हाताला धरून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब दारातच थबकले. “खोली एवढी पिवळी, आणि शिड्या कोऱ्या?”

“दाराची चीर रंगाखाली गेली तर कुणी पडत नाही, साहेब.”

साहेब हसले. एका पायरीवरून त्यांनीही बोट फिरवलं. सुपरवायझरने डबा उचलला आणि जाता जाता म्हणाला, “उद्या वेळेवर या, मास्तर.”

मास्तर शीळ घालत घरी आले. बायकोची नजर आधी काठीवर गेली.

“अहो, हे काय सोंग?”

“रंग उरला होता.”

“शहाणेच आहात! आख्ख्या कारखान्याला अक्कल शिकवायची, आणि स्वतः कशावर टेकताय ते बघायचं नाही.”

सकाळी ते उठले, तेव्हा बायको दारात बसून काचेच्या तुकड्याने काठी खरवडत होती. पायापाशी पिवळा भुगा साचला होता. अर्धी काठी उघडी झाली होती, आणि तेवढ्या लाकडावरून ती सावकाश बोट फिरवत होती.