मुकादमाची खूण

अबूबकरने काळ्या रंगाचं पातळ पाणी ब्रशने कड्यावर सोडलं आणि ते भेगांमध्ये उतरेपर्यंत तो मागे सरून उभा राहिला. पांढरंफटक प्लास्टर बघता बघता कातळासारखं दिसू लागलं. वीस वर्षं लोकांच्या छतांना पीओपीच्या वेलबुट्ट्या करणाऱ्या या माणसाने शिळफाट्याच्या आपल्या शेडमध्ये चक्क घाट उभा केला होता. आत तारेची जाळी, वर प्लास्टर, आणि त्यावर चुरगाळलेल्या फॉइलचे ठसे. खालापूरच्या एका बंगलेवाल्याला त्यातून छोटी आगगाडी फिरवायची होती आणि घाट हवा होता तो त्याच्या पाच वर्षांपूर्वीच्या फोटोतलाच. श्रीमंतांची हौस, तिला कोण काय म्हणणार!

फोटो धूसर होता, म्हणून अबूबकरने भिसेगावहून कोंडाजीकाकांना बोलावलं होतं. काका रेल्वेच्या घाटातल्या टोळीचे मुकादम. पावसाळ्याआधी दोरावर लोंबकळत कड्यातले सुटे दगड शोधायचे आणि ते गाडीवर यायच्या आत पाडायचे, यात त्यांची तीस वर्षं गेली. ते निवृत्त झाले आणि पुढच्याच उन्हाळ्यात, त्याच टोळीतला त्यांचा मुलगा संतोष दगडासकट खाली आला. न तपासलेल्या दगडाला स्वतःचा लोंबकळायचा दोर बांधला, निष्काळजीपणा त्याचाच, असं चौकशीत निघालं. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून सुंदराकाकी भेटेल त्याला सांगत, माझा पोरगा असा नव्हता. लोक मान डोलवत आणि विषय बदलत. अबूबकरनेही तेच केलं होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत असे.

काकांचे गुडघे गेलेले, म्हणून आज काकीही सोबत आल्या होत्या.

काका कड्यासमोर बराच वेळ वाकून उभे राहिले.

“बोगद्याच्या वर एक राहिला,” ते म्हणाले.

“कुठला, काका?”

“पुढं आलेला, म्हशीएवढा. फोटोत झाडाआड गेलाय.”

काकी स्टुलावरून उठल्या. “तोच काय?”

काकांनी होकार दिला.

अबूबकर पुढे झाला. “राहू दे, काका. नाय केला तरी त्या माणसाला काय कळतंय?”

“कर रं. होता तो होता.”

अबूबकरने जाळीचा तळहाताएवढा तुकडा वाकवला, प्लास्टर चढवलं, तो बोगद्याच्या वर बसवला. प्लास्टर ओलं असतानाच काकांनी सुरीने त्याच्या कडा कोरल्या. दगड वाळला, रंगही झाला. मग त्यांनी पांढरा रंग आणि बारीक ब्रश मागून घेतला आणि दगडाच्या कपाळावर दोन उभ्या रेघा ओढून खाली एक ठिपका दिला.

“हे काय?” अबूबकरने विचारलं.

उत्तर काकींनी दिलं. “यांची खूण. मुकादमानं हातोडी मारायची, खणखणीत वाजला तर दगड पक्का, ही खूण करायची; बद्द वाजला तर सुटा, पाडायचा. खूण असली की त्या दगडाला दुसरं कोणी हातोडी लावत नाय. लावली तर मुकादमाचा अपमान.” त्या नवऱ्याकडे वळल्या. “संतोषनं ही बघून दोर बांधला?”

“हां.”

“आन तुमी तीन वर्सं गप बसलात.”

“दगडाचा चुरा झाला. खूण बी गेली. मला कोणी विचारलं नाय.”

काकांनी बाजूचं ओलं फडकं उचललं आणि खूण पुसायला दगडाकडे नेलं. काकींनी त्यांचं मनगट धरलं.

“हातोडी मारलीवती का नुसतीच खूण केली?”

“मारलीवती.”

“कसा वाजला?”

“नोकरीचा शेवटचा दिस होता माझा. त्यो पाडायचा म्हंजे गाड्या थांबवायला लागल्या असत्या, साहेब लोक...”

“ते विचारत नाय मी. कसा वाजला?”

आपण इथे नसतो तर बरं झालं असतं, असं अबूबकरला फार वाटलं.

काकांनी मोकळ्या हाताचं बोट वाकवलं आणि प्लास्टरच्या दगडावर ठोकलं. आत नुसती जाळी आणि हवा. बद्द आवाज आला.

“असा,” ते म्हणाले.

काकींनी त्यांचं मनगट सोडून दिलं.