वीतभर वरचा बोल्ट

मित्रांनो, मी एक जुना पोलादी बोल्ट आहे. आज शिवणयंत्राच्या खणात मोजपट्टीशेजारी पडून असलो, तरी माझी बारा वर्षं एका कलत्या, गुळगुळीत कातळावर गेली. त्या कातळाला हाताने धरावं असं काही नाही. चढणाऱ्याने बुटाच्या तळव्यावर भरवसा ठेवून उभं राहायचं, हात वर करून माझ्या कडीत दोर अडकवायचा, मगच पुढचं पाऊल.

मला तिथे बसवलं दादाने. दादा म्हणजे ताडमाड गडी. शेवटच्या चांगल्या खळगीत उभं राहून त्याने हात लांबवला, जिथे पोचला तिथे भोक पाडलं आणि मला पिळून घट्ट केलं. "हा हत्तीलाही हलायचा नाही," तो म्हणाला. मी फुगलो. पुढे कितीजण माझ्या जिवावर लोंबकळले! काही ठेंगणे मात्र खळगीपर्यंत येऊन परत फिरत. मला ते भित्रे वाटत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय!

एके सकाळी दादाची धाकटी बहीण आली. ती शिवणकाम करणारी, उंचीने बेताची. खाली दोर दादानेच धरला होता. खळगीत टाचा उंचावून तिने हात वर केला. बोटं वीतभर कमी पडली. दोर न अडकवता आणखी वर चढताना पाय सटकला, तर खालच्या कपारीवर आपटून घोटा मोडणार, हे मला वरून स्पष्ट दिसत होतं. आपण खाली सरकावं, असं मला आयुष्यात प्रथमच वाटलं. पण मला घट्ट बसण्यापलीकडे काही येत नव्हतं.

"बुटके, उतर खाली. हट्ट नको!" दादा खालून ओरडला.

"थांब रे. दोर जरा ढिला सोड."

मसुराएवढ्या एका उंचवट्यावर तिने बुटाचं टोक टेकवलं. दादाला तो कधी दिसलाच नव्हता; त्याला गरजच कुठे पडली होती? ती उठली. खट् आवाज झाला आणि दोर माझ्या कडीत अडकला. मला रडूच आलं असतं, पण पोलादाला ती सोय नाही.

ती उतरल्यावर दादाने पाठ थोपटली. "जमलं की तुला! म्हणजे बोल्ट आहे तिथे ठीक आहे."

"माझं जमलं रे. मागून येणाऱ्यांचं काय? दादा, कपडा शिवताना माप तो घालणाऱ्याचं घेतात, शिंप्याचं नाही."

दादाने पिशवीतून पान्हा काढला. मग म्हणाला, "चल, तुझा खडू काढ."

खळगीत उभी राहून, टाचा न उचलता, तिने हात पोचला तिथे खूण केली. दादाने तिथे नवा बोल्ट बसवला, मला काढलं आणि माझं भोक बुजवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मला तिने फेकलं नाही, घरी आणलं.

मित्रांनो, घट्ट बसलो म्हणून योग्य जागी बसलो, असं होत नाही. कुठेही काही ठोकण्याआधी सर्वांत ठेंगण्या माणसाला हात वर करायला सांगा. धाकटी सांगते, त्या कातळावर आता उंच माणसांना दोर अडकवताना कोपर जरा वाकवावं लागतं. तेवढ्याने अजून कुणी पडलेलं नाही.