सहाव्या फेरीचं नाव

नवरा माझं कौतुक करायला लागला की मी आधी स्वतःचे खिसे चाचपते. त्यामुळे "या सहाव्या फेरीला तुझं नाव देऊ या" असं तो म्हणाला, तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच शंकाही आली.

ऑफिसात थरांची नावं मी ठरवते. जमिनीतून ड्रिलने काढलेले दगडाचे दांडे नवरा खोक्यांत लावतो आणि मी ते भिंगातून तपासते. खालून वर क्रम ठरलेला: वाळूचा खडक, मुळांच्या खुणांची चिकणमाती, कोळसा, मग शिंपल्यांचा चुनखडक. ही झाली एक फेरी. प्रत्येकीची काहीतरी खोड असतेच. तिसरीत चुनखडकच नाही, चौथीत कोळसा जेमतेम बोटभर. पाचवी तेवढी गुणी. आणि आता तिच्याखाली ही सहावी, अगदी तश्शीच गुणी!

सहावी सापडली नसती तर इथलं ड्रिलिंग थांबून काम आटोपणार होतं. त्याची बदली एका टोकाला, माझी दुसऱ्या. लग्नानंतर इतक्या वर्षांनी कुठे आम्ही एका छपराखाली आलो होतो. आता सहावीच्या नोंदीवर फक्त माझी सही हवी होती.

"सकाळपासून हा तिसरा चहा," मी म्हटलं.

"बायकोला चहा देणं गुन्हा आहे का?"

"गुन्हा नाही, पुरावा आहे."

तो हसला, पण माझ्याकडे न बघता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

प्रत्येक दांडा करवतीने उभा चिरतात; अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा गोदामात राहतो. जेवणाच्या सुट्टीत मी गोदाम गाठलं. पाचवीच्या चुनखडकात मधोमध चिरलेला एक शिंपला होता, तो मला चांगला आठवत होता. सहावीतही अर्धाच शिंपला निघाला. दोन्ही तुकडे मी एकमेकांना लावले. रेघेला रेघ जुळली आणि शिंपला पूर्ण झाला.

प्रयोगशाळेतून परत आलेली पाचवीची दुसरी बाजूच त्याने सहावी म्हणून लावली होती. मला त्याचा भयंकर राग आला. आणि रागापेक्षाही जास्त, सही करून टाकावीशी वाटली.

दारात तो उभा होता. कधीपासून, कोण जाणे.

"तू बघणार हे माहीत होतं," तो म्हणाला. "तरी वाटलं, एकदा नाही बघणार."

 सहावीच्या खोक्यावर त्याने आधीच लावलेली माझ्या नावाची चिठ्ठी मी काढली आणि नवी लावली: पाचवी, दुसरी बाजू. त्याने खोकं उचलून पाचवीशेजारी नीट ठेवलं, हात झटकले.

"मोठी बॅग तू ने," तो म्हणाला. "तिकडे थंडी जास्त असते."